आमच्या घरात न बोलायचा शब्द

माझ्या लेकीनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनानं एक बीअर केली आणि ती मी एका शब्दात मारली. हे सांगायला बसले की मी दरवेळी दुसऱ्याच कुणावर तरी घसरते. कधी नवऱ्यावर, कधी मराठी भाषेवर, कधी पुण्यातल्या इंग्रजी पाट्यांवर. आजही घसरणार आहे, स्वभावाला औषध नाही. पण झालं काय ते एकदा नीट लिहून काढते.

मी लोहाऱ्याच्या एका शाळेत मराठी शिकवते. नवऱ्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय हा माणूस चहाला हात लावत नाही, आणि दारूचा थेंबसुद्धा आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नाही. अशा घरातल्या एकुलत्या एका पोरीनं मायक्रोबायोलॉजी घेतलं तेव्हा आम्हाला वाटलं, सोलापूरला एखाद्या लॅबमध्ये बसेल, रक्त-लघवी तपासेल. ती गेली पुण्याला, एका छोट्या बीअरच्या कारखान्यात. नवऱ्यानं पाहुण्यांत सांगून टाकलं, "फूड कंपनीत हाय." काय बनवते म्हणून विचारलं की म्हणायचे, "पेय." एका पाहुण्यानं त्यावर विश्वास ठेवून सरबताचा कारखाना असलेलं स्थळ आणलं. तेव्हा मला हसावं की रडावं कळेना, आणि नवरा मात्र माझ्याकडं असं बघत होता की जणू पोरीला पुण्याला मीच घालवलं.

तीन वर्षं ती दुसऱ्यांनी ठरवलेल्या बीअर करत होती. मग मालक म्हणाले, आता एक तुझ्या मनाची कर. तिनं निवडली स्कॉटलंडची, जड, गोडसर, चांगलीच कडक. मला फोनवर दुपारच्या सुट्टीत तासभर समजावून सांगत होती. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भाजायचे, भरडून गरम पाण्यात त्याचा गोडवा उतरवायचा. "आणि आई, पहिलं जे दाट पाणी निघतं ना, ते वेगळं काढून आटवायचं. तास न्‌ तास. ढवळत. तू बघितलंस तर म्हणशील खवाच करतीय." मग हसून म्हणाली, "ही तुझ्या माहेरची बीअर आहे."

माहेर माझं भूम तालुक्यातलं. आमची खव्याची भट्टी होती. आता यंत्रं आली, कढई आपली आपण फिरते, पण आमच्या लहानपणी लोखंडी कढईत लांब दांड्याच्या उलथन्यानं दूध हलवत बसायचो. वडलांचं नाक असं की ते रस्त्यावरून येतानाच ओरडायचे, "दोन नंबरची आच कमी करा." दूध तळाला धरलं की खव्याला करपट वास येतो आणि तो वास कशानं जात नाही. त्याला आम्ही म्हणायचो, दूध लागलं. खवा घ्यायला येणारा व्यापारी बोटावर चिमूटभर घेऊन जिभेवर ठेवायचा आणि एवढंच म्हणायचा, "लागलंय." की संपलं. दिवसभराची मेहनत पाण्यात, आणि गावभर चर्चा.

त्यामुळं वडलांनी तो शब्दच घरातून हद्दपार केला होता. दुकान बंद करताना लोक जसं "वाढवलं" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. आमच्याकडं पायाला ठेच लागायची नाही, ठेच बसायची. भूक लागायची नाही, पोटात कावळे ओरडायचे. भाजी चवीला कशी लागली असं कुणी विचारायचं नाही, कशी झाली असं विचारायचं. मास्तरांनी "लागणे" हे क्रियापद चालवून दाखव म्हटल्यावर मी वर्गात गप्प उभी राहिले होते आणि छडी खाल्ली होती. ती सवय मी सासरी घेऊन आले, माझ्यामागं पोरीला लागली. बघा, इथं मी लिहिलाच तो शब्द, कारण याला दुसरा शब्द नाही. पण पोरगी बोलताना आजही तो टाळते. पुण्याच्या मैत्रिणी तिला हसतात.

मे महिन्यात ती आली, लोहाऱ्याच्या स्टँडवर जीपमधून उतरली, आणि पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक बाटली. तिचे वडील दुकानात गेल्यावर तिनं ती बाहेर काढली. मी घाईघाईनं ती फ्रीजच्या वरच्या कप्प्यात, बर्फाजवळ खुपसली. लपवायचीही होती आणि मला वाटलं बीअर म्हणजे थंडच प्यायची असते. तिनं लगेच काढली. "आई, ही गार पीत न्हाईत. माठातल्या पाण्याएवढी पाहिजे. न्हाय तर चव झोपती." मग स्टीलच्या पेल्यात ओतायला गेले तर तेही चालेना, रंग दिसला पाहिजे म्हणे. घरात काचेचा एकच धड ग्लास निघाला, हळदीकुंकवाला वाण म्हणून मिळालेला, वर गुलाबाचं फूल. त्यात तिनं ती ओतली. मी देवघराचा पडदा ओढला.

आणि तिनं पर्समधून एक कार्ड काढलं. इंग्रजीतलं, दुसऱ्या कुठल्यातरी बीअरचं. त्यावर चव कशी आहे ते लिहिलेलं होतं. "आमच्या कारखान्यातल्या फळ्यावर मराठीतनं लिहायचंय. मालक सर म्हणाले, तुझी आई मराठीची बाई आहे ना, तिला विचार. चार ओळी दे." मी ते कार्ड वाचलं आणि माझं डोकं तडकलं. प्लम. टॉफी. पीट. आता प्लम लोहाऱ्यात कुणी खाल्लंय? पीट म्हणजे काय विचारलं तर दलदलीतली वाळलेली माती, ती तिकडं जाळतात. जळक्या मातीचा वास आम्हाला वीटभट्टीचा माहीत, आणि वीटभट्टीचा वास येतो असं लिहून कुणी बीअर विकत घेईल का? जो उठतो तो इंग्रजीतून चव घेतो आणि मराठी बाईला म्हणतो, भाषांतर करून दे. मी म्हणाले, "ते कार्ड बाजूला ठेव. मला आधी चाखू दे."

रंग काळा म्हणावा तर काळा नव्हता. खिडकीपुढं धरला तर कडेनं लालसर, इरकली लुगड्याच्या काठासारखा. फेस थोडाच, पांढरा नाही, दुधाळ चहाच्या रंगाचा, आणि लगेच बसला. ग्लास नाकाशी नेला तर पहिल्यांदा काकवी. चांगली, चुलवणावरून नुकती उतरवलेली. मग मनुका, त्याही डब्याच्या तळाला एकमेकींना चिकटून राहतात तसल्या, जरा आंबूस. मग थांबून परत हुंगलं तर भाकरीचा पापुद्रा, खरपूस भाजलेला. दारूचा वास मला माहीत होता तो एस.टी.त शेजारी बसलेल्या माणसाचा. तो इथं कुठंच नव्हता, आणि त्याचाच मला राग आला. म्हणजे एवढी वर्षं मी ज्याला नाक मुरडत आले ते हे नव्हतंच.

पहिला घोट घेताना मी तोंड आधीच वाकडं करून ठेवलं होतं, कडू असेल म्हणून. कडू नव्हती. गोड, पण सरबतासारखी गोड नाही, त्या गोडाला बुड होतं. तोंडात जाड. दुसऱ्या घोटाला मनुका गेल्या आणि खारीक आली, आणि गिळल्यावर छातीत सुंठीच्या काढ्यासारखी ऊब उतरली. पोरगी माझ्या तोंडाकडं बघत बसली होती. तिसरा घोट मी हळू घेतला, जिभेखाली धरला आणि गिळला. आणि गिळल्यानंतर, सगळं गेल्यावर, मागं एक चव राहिली.

ती मी ओळखली. कढईतून खवा काढून घेतल्यावर तळाला जो पातळ तांबूस थर राहायचा, ती खरवड. वडील दिसले नाहीत की आम्ही भावंडं ती सुरीनं खरवडून खायचो. दूध लागायच्या अगदी अलीकडचं ते टोक. आणखी दोन मिनिटं आच राहिली असती तर करपलं असतं, पण राहिली नाही, म्हणून तिथं जे तयार झालं ते खव्यापेक्षाही चांगलं. व्यापाऱ्याच्या हिशेबी तो माल नव्हता, वडलांच्या हिशेबी ती हलवणाऱ्याची चूक होती, आणि मला जगात त्याहून चांगलं काही माहीत नव्हतं. लग्नानंतर इतक्या वर्षांत ती चव मला परत कुठं मिळाली नव्हती, आणि ती या वाणाच्या ग्लासात, बीअरमध्ये मिळाली.

"कशी झाली?" तिनं विचारलं.

"लागलंय," मी म्हणाले.

बीअर स्त्रीलिंगी. मराठीच्या बाईनं म्हणायचंच होतं तर "लागलीय" म्हणायला हवं होतं. पण तोंडून आलं ते दुधाचं, व्यापाऱ्याचं. पोरीचा चेहरा उतरला. तिला माहीत होतं या शब्दाचा आमच्याकडं काय अर्थ होतो. आयुष्यात तिनं तो माझ्या तोंडून ऐकलाच नव्हता.

"खरंच?"

"व्हय."

तेवढ्यात नवरा आत आला. चावी घरीच विसरली म्हणून दुकानातून परत आले होते. "काय लागलं? कुणाला लागलं?" म्हणत घाबरून दोघींच्या हातापायांकडं बघत राहिले. मग ग्लास दिसला. "ते काय हाय?"

"काढा हाय," मी म्हणाले. "जवाचा. पोटाला चांगला असतो."

त्यांनी ग्लासाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कानडीत काहीतरी पुटपुटले आणि चावी घेऊन गेले. रागावले की ते कानडीत जातात. पोरीनं बाटलीत उरलेली बीअर मोरीत ओतली, बाटली विसळली आणि परत टॉवेलमध्ये गुंडाळली. मी तिला म्हणू शकले असते, अगं थांब, मला तसं म्हणायचं नव्हतं. मी भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. पुढचे आठ दिवस मी चार ओळी लिहीत बसले. काकवी, मनुका, भाकरीचा पापुद्रा, इथपर्यंत झकास जमायचं, आणि शेवटच्या ओळीशी येऊन अडायचं. खरवड लिहिलं तर पुण्यातल्या पोरांना ती माहीत नाही. करपट लिहिलं तर शिवी. खमंग म्हणजे फोडणी झाली. लागण्याच्या अलीकडची चव याला मराठीत शब्द नाही, या गोष्टीवर मी शाळेतल्या सहकाऱ्यांशी फोनवर भांडलेसुद्धा. एवढी ज्ञानेश्वरीपासूनची भाषा, आणि तिला दुधाच्या तळाचं एवढं साधं सांगता येत नाही का, म्हणून. ते म्हणाले, "बाई, कशाचं लिहिताय पण?" मी म्हणाले, पाककृतीचं. फाडून टाकलं सगळं.

मग फोनवर पोरगी एकदा म्हणाली, "बदलली मी ती. आटवायचं कमी केलं." मी म्हणाले, "बरं." काय बरं? तेव्हा मी घरात सगळ्यांवर चिडचिड करत होते. नवऱ्यानं चहात साखर मागितली तरी अंगावर जात होते. माझ्या मनात मी त्यांच्यावरच खापर फोडलं होतं. ते नसते आले तर मी पोरीला नीट सांगितलं असतं. पण ते "लागलंय" नंतर आले, असं मी वर लिहिलं ते पूर्ण खरं नाही. आले नंतर, पण फाटकाबाहेर त्यांच्या मोटरसायकलचा आवाज मी आधीच ऐकला होता. तोंडात ती चव होती, मला ती इतकी आवडली होती की डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, आणि आवाज आला. दारू आवडलेली बाई म्हणून त्यांच्यासमोर पकडलं जायचं मला नको होतं. पिताना पकडलं असतं तर, चाखून बघितली आणि नाव ठेवलं, असं तरी म्हणता आलं असतं. म्हणून मी नाव ठेवलं. शब्द मला बरोब्बर माहीत होता, आणि पोरगी त्याचा काय अर्थ घेईल तेही.

दिवाळीच्या सुट्टीत ती परत आली. या वेळी बाटलीवर छापील चिठ्ठी होती, म्हणजे ती बीअर आता कारखान्यात कायमची झाली होती. दुपारी तिचे वडील दुकानात होते. तिनं ती स्वतःच ओतली, त्याच ग्लासात, दुसरा नव्हता.

रंग जरा उजळ झाला होता. काकवी होती, मनुका होत्या, ऊबही होती. स्वच्छ. कुठं काही खटकत नव्हतं. मी तिसरा घोट जिभेखाली धरला, गिळला आणि थांबले. मागं काहीच आलं नाही. परत घेतला. सगळं कसं व्यवस्थित, परक्याच्या घरी जेवल्यासारखं, नाव ठेवायला जागा नाही आणि आठवावं असंही काही नाही. पोरीच्या मनाची बीअर ही नव्हती. ही कुणीही केली असती.

"आता कशी झाली?"

मला बरं म्हणता आलं असतं. ती खूश होऊन गेली असती. मी म्हणाले, "पहिली चांगली व्हती."

"तू तर म्हणालीस..."

"मला आवडली व्हती. लई आवडली व्हती. खरवडीची चव व्हती तिला. तुझे अप्पा आलेले मला ऐकू आलं, म्हणून मी तसं म्हटलं. लाज वाटली मला."

ती हसेल किंवा ओरडेल असं वाटलं होतं. तिनं बाटली खाली ठेवली आणि अगदी साध्या आवाजात बोलली. "सरांना पहिलीच पसंत होती. तीच ठेवू म्हणत होते. मीच म्हणाले, नको. म्हणाले, माझी आई भट्टीवर वाढलीय, तिला कळतं, तिनं सांगितलंय." मग म्हणाली, "मी भांडले त्यांच्याशी. तुझ्यासाठी."

मी म्हणाले, "मग आता परत तशी कर की. कृती तर हाय ना तुझ्याकडं."

"कृती आहे. दोनदा करून बघितली, गुपचूप, मलाच राहवेना म्हणून. पण आटवताना तो वास आला की माझा हात आपोआप जातो आणि मी आच कमी करते. थांबताच येत न्हाय गं. आधी मी उभी राहायचे तिथं, मजेत, वास घेत. आता भीती वाटते."

बाहेर कुणीतरी फाटक वाजवलं. तिचे अप्पा दुकानातून आले असतील, नसतीलही. मी ग्लास लपवला नाही, पण आता त्यात काही अर्थ नव्हता. पोरीनं उरलेली बीअर त्यात ओतली आणि माझ्यापुढं सरकवली.

"पी," ती म्हणाली. "ही तुला विचारून केलीय."